पानं नसलेली जंगली ऑर्किडं: ओळख, बुरशीशी नातं, बी-चाचणी आणि लागवड

कवकजाल

पानं नसलेल्या ऑर्किडचा फोटो कुणी टाकला की खाली हमखास एक सल्ला येतो: "ही कुजक्या पाल्यावर वाढते. थोडी माती काढून आणा, कुंडीत भरपूर पालाखत घाला." हा सल्ला ऐकून काढलेला प्रत्येक कंद मरतो. तो का मरतो ते नीट कळावं म्हणून हा धागा काढतोय.

ऑर्किड स्वतः पाचोळा कुजवत नाही. लाकूड आणि पानं फोडून साखर करण्याचं काम बुरशीचं. तिचे तंतू ऑर्किडच्या मुळात, खोडात किंवा कंदात शिरतात आणि पेशीच्या आत गुंडाळून वेटोळी करतात. मुळाचा पातळ काप घेऊन रंगवला तर सूक्ष्मदर्शकाखाली ही वेटोळी स्पष्ट दिसतात. काही पेशींत ती ताजी, सुटी सुटी असतात. शेजारच्याच पेशींत त्यांचा चुरगळलेला, पिवळट गोळा झालेला असतो. तो गोळा म्हणजे ऑर्किडने पचवलेली बुरशी. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस सगळं याच वाटेने येतं. बदल्यात बुरशीला काही मिळत असल्याचा ठोस पुरावा या पूर्ण परावलंबी ऑर्किडांत नाही.

ही बुरशी दोन प्रकारची असते. पुढचं सगळं या फरकावर ठरतं.

पहिला प्रकार कुजवणाऱ्या बुरशीचा. गॅस्ट्रोडिया इलाटाचा कंद आर्मिलारियावर पोसला जातो, एपिपोजियम रोझियम कोप्रिनस-सॅथिरेला गटातल्या भूछत्रांवर, युलोफिया झोलिंजेरी सॅथिरेलावर. वुल्शलेगेलिया अफायला मायसीना आणि जिम्नोपससारख्या पाचोळा कुजवणाऱ्या बुरशींवर जगते. या ऑर्किडांच्या अंगातला कार्बन खरोखर मेलेल्या लाकडातून किंवा पाल्यातून आलेला असतो, पण बुरशीच्या हातून.

दुसरा प्रकार जिवंत झाडांच्या मुळांशी जोडलेल्या बुरशीचा. युरोपातलं निओटिया निडस-अॅव्हिस सेबासिनावर, एपिपोजियम अफायलम इनोसायबीवर, उत्तर अमेरिकेतलं कोरलोरायझा मॅक्युलाटा रसुलाच्या कुळावर अवलंबून असतं. ही बुरशी बीच, ओक किंवा सूचिपर्णी झाडांच्या मुळांना खनिजं पुरवते आणि झाडाकडून साखर घेते. त्या साखरेतला वाटा ऑर्किड काढून घेतं. इथे पाचोळा नुसता निवारा असतो, अन्न उभ्या झाडाचं असतं. ते झाड तोडलं की ऑर्किडही जातं, मग भोवती कितीही पाचोळा असो.

---

शेवरी

छान सुरुवात. पण "पान नाही म्हणजे बुरशीवर जगतं" असं सरसकट धरावं का? फोटोंच्या धाग्यांवर यात फार गोंधळ दिसतो.

---

तांबट

धरू नये. पान नसलेली ऑर्किडं निदान तीन तऱ्हेची असतात.

काहींची पानं नाहीशी झालीत, पण मुळं हिरवी आहेत. टीनिओफायलम, बरीचशी चिलोस्किस्टा, फ्लोरिडा-क्यूबातलं डेंड्रोफायलॅक्स लिंडेनी ही सगळी झाडाच्या सालीवर वाढतात आणि मुळांतून प्रकाशसंश्लेषण करतात. सालीवर चपटी हिरवट-राखाडी मुळं पसरलेली दिसली की हा विषय तिथेच संपला.

काहींची फुलं आधी येतात आणि पानं नंतर. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नर्विलियाचा फुलोरा जमिनीतून एकटाच वर येतो, फूल सुकलं की मग पान येतं. युलोफियाच्याही अनेक जाती फुलताना पर्णहीन असतात. त्याच वंशातली युलोफिया झोलिंजेरी मात्र कायमची पर्णहीन. म्हणून एका भेटीत निकाल देऊ नका. जागेवर खूण ठेवा आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा पाहा. हिरवं पान आलेलं असेल तर ते या धाग्यातलं ऑर्किड नाही.

तिसरी तऱ्हा पूर्ण परावलंबी. खोड पांढरं, पिवळसर, तपकिरी किंवा जांभळट, आणि त्यावर पानांच्या जागी नुसते खवले. वंश ओळखायला मी हे पाहतो:

गॅस्ट्रोडिया – निदलं आणि पाकळ्या जुळून घंटेसारखी किंवा सुरईसारखी नळी झालेली. ओठ (इतरांहून वेगळी दिसणारी एक पाकळी) नळीच्या आत लपलेला, बाहेरून जवळजवळ दिसत नाही. जमिनीखाली आडवा, मांसल, वळ्यावळ्यांचा कंद.

एपिपोजियम – खोड मऊ, पोकळ, बोटाने दाबलं तर चेपेल असं. फुलाला छोटी, फुगीर शुंडिका (ओठाच्या तळाशी असलेली पोकळ पिशवी). रोझियमची फुलं मळकट पांढरी, लोंबती, ओठावर गुलाबी ठिपके. अफायलममध्ये ओठ आणि शुंडिका वरच्या बाजूला, म्हणजे फूल उलटं टांगल्यासारखं.

अफायलॉर्किस – ताठ, उंच दांडा, बहुधा जांभळट रेषा किंवा ठिपके. शुंडिका नाही. ओठाचे मागचा आणि पुढचा असे दोन भाग. मुळं जाड, मांसल.

डिडिमोप्लेक्सिस – लहान पांढरी फुलं, दांड्याच्या टोकाशी एकेक करून उमलणारी आणि अल्पायुषी. फुलाचे भाग तळाशी जुळलेले, पण गॅस्ट्रोडियासारखी पूर्ण नळी होत नाही.

लेकॅनॉर्किस – तारेसारखा कडक, गडद दांडा. बीजकोशाच्या वरच्या टोकाला, फुलाच्या अगदी खाली, दातेरी कडेची चिमुकली वाटी. ही वाटी दिसली की वंशाबद्दल शंका राहत नाही. तिच्यासाठी भिंग लागतं, नुसत्या डोळ्यांना ती सहज निसटते.

कोरलोरायझा – जमिनीखाली मुळं नाहीतच, पोवळ्यासारखं फांदलेलं खोड.

निओटिया निडस-अॅव्हिस – सगळं झाड मधाच्या रंगाचं, जमिनीखाली आखूड जाड मुळांचा दाट गुंता. शेवटची दोन खाली उकरून ओळखायची नाहीत. फुलावरून ओळखता येतात.

---

रानपाचोळा

यात एक भर. ऑर्किडच नसलेली, पण तशी भासणारी झाडं बरीच आहेत. मोनोट्रोपाचं फूल खाली मान घातलेलं असतं, आत ८ ते १० सुटे पुंकेसर आणि बीजकोश फुलाच्या आत. एजिनेशियाला जांभळट नळीसारखं फूल आणि एका बाजूने चिरलेला होडीसारखा निदलपुंज. ते दुसऱ्या झाडाच्या मुळावर थेट परजीवी. बॅलॅनोफोरा म्हणजे गदेसारखा मांसल गोळा, त्यावर असंख्य बारीक फुलं.

ऑर्किडची खूण पक्की आहे: बीजकोश फुलाच्या खाली, पुंकेसर आणि कुक्षीवृंत मिळून एकच स्तंभ, आणि परागकण सुट्या भुकटीऐवजी पुंज्यांत बांधलेले. एक फूल बाजूने नीट पाहिलं तर यातलं निम्मं तिथल्या तिथे कळतं.

---

शेवरी

धन्यवाद तांबट, रानपाचोळा. कवकजाल, आता मूळ मुद्द्यावर येऊ. एखादं ऑर्किड कुजवणाऱ्या बुरशीवर आहे की झाडाच्या बुरशीवर, हे जंगलात उभं राहून सांगता येतं का?

---

कवकजाल

खात्रीने नाही, अंदाज बांधता येतो. बांबूच्या बेटात, सडक्या ओंडक्याला लागून किंवा जुन्या भुशाच्या ढिगावर उगवलं असेल तर कुजवणारी बुरशी असण्याची शक्यता जास्त. बीच, ओक, बर्च, पाइन अशा झाडांच्या मुळांच्या पसाऱ्यातच दिसत असेल तर दुसरा प्रकार. पण दाट जंगलात ओंडका आणि जिवंत मूळ दोन्ही एकाच वीतभर जागेत असतात, त्यामुळे अंदाजावर थांबू नये.

पक्कं करायचे तीन मार्ग आहेत.

बुरशीची डीएनए ओळख. मूळ किंवा कंद नीट धुऊन वेटोळी असलेला भागच कापून घ्यायचा, शक्य असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेटोळं सुईने उचलायचं, आणि त्यातला आयटीएस (बुरशीची जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) वाचायचा. अख्खं मूळ दळून वाचलं तर पृष्ठभागावरच्या दहा प्रकारच्या बुरशी निकालात येतात आणि पोसणारी कोणती ते कळत नाही. निकाल चुकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

स्थिर समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे, किरणोत्सारी नसलेले अणू. बुरशीवर जगणाऱ्या झाडांत कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ शेजारच्या हिरव्या झाडांपेक्षा जास्त भरतात, भूछत्रांच्या जवळपास जातात. तुलनेसाठी त्याच दिवशी, त्याच एक-दोन मीटरच्या घेरातून, त्याच उजेडातल्या हिरव्या झाडांची पानं घ्यावी लागतात. ती घेतली नाहीत तर आकड्यांना अर्थ राहत नाही.

तिसरा मार्ग मला सगळ्यात सुंदर वाटतो: किरणोत्सारी कार्बन-१४. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ वाढलं आणि नंतर वर्षागणिक कमी होत आलं. झाडाच्या साखरेवर जगणाऱ्या ऑर्किडमध्ये कालपरवाचा कार्बन असतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर जगणाऱ्या ऑर्किडमध्ये त्या लाकडात कित्येक वर्षांपूर्वी साठलेला कार्बन सापडतो, म्हणून त्यात कार्बन-१४ जास्त भरतं. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ही मोजणी प्रसिद्ध केली. यंदा उमललेलं फूल कुणीतरी जुन्या लाकडातून बांधलंय, हे त्यातून थेट आकड्यात दिसतं.

---

माळरान

बी-चाचणीबद्दल लिहितो, कारण एखाद्या जागेत योग्य बुरशी आहे का हे ऑर्किडला हात न लावता यातून कळतं. रासमुसेन आणि व्हिगम या संशोधकांनी १९९३ मध्ये ही पद्धत मांडली, आजही तीच वापरतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑर्किडचं बी म्हणजे धूळ. आत अन्नसाठा नाही, नुसता काही पेशींचा गर्भ आणि भोवती हवेने भरलेलं जाळीदार आवरण. त्यामुळे हिरवी असोत की पांढरी, सगळीच ऑर्किडं रोपावस्थेत बुरशीवरच जगतात. वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांना १८९९ मध्ये फ्रान्समध्ये निओटिया निडस-अॅव्हिसची रुजलेली रोपं सापडली आणि प्रत्येकात बुरशी दिसली. तिथून हा सगळा अभ्यास सुरू झाला. पानं नसलेली ऑर्किडं ती रोपावस्था कधी सोडतच नाहीत.

साहित्य: सुमारे ५० मायक्रॉन भोकांची नायलॉन जाळी (प्लवक गाळायला वापरतात ती), ३५ मिमी फोटो-स्लाइडच्या प्लॅस्टिक चौकटी, नायलॉन दोरा, खुणेच्या काड्या. ५० मायक्रॉनमधून बी निसटत नाही, तंतू मात्र आरामात शिरतात. भोकं याहून मोठी असतील तर लहान बी असलेल्या जातींत बी गळून जातं.

बी पक्व पण न फुटलेल्या बोंडातून घ्या. फुटल्यावर जमिनीवर पडलेलं बी घेतलं तर त्यावर इतर बुरशी आलेली असते. परवानगी असेल तेवढीच बोंडं काढा, एका दांड्यावरून एकापेक्षा जास्त नको.

जिवंतपणा तपासायला टेट्राझोलियम क्लोराइडचं १ टक्का द्रावण, सामू ७ च्या जवळ, सुमारे ३० अंश सेल्सिअसला अंधारात २४ तास. गर्भ लाल किंवा गुलाबी झाला तर जिवंत. आवरणातून द्रावण आत जात नसेल तर आधी सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ ठेवून स्वच्छ धुवायचं. धुणं राहिलं की सगळे गर्भ पांढरेच दिसतात आणि चांगलं बी आपण मेलेलं समजून टाकून देतो.

एका चौकटीत १०० ते २०० बिया. जाळी दुमडून मध्ये बी पसरा, चौकट बंद करा. चौकट उभी पुरा, आडवी नाही. उभी पुरली की पाचोळा, कुजलेला थर आणि खालची माती या तिन्हींशी एकाच वेळी संपर्क येतो. बी कोणत्या थरात रुजलं तेही कळतं. फुललेल्या दांड्यापासून अर्धा मीटर, १, २ आणि ५ मीटर, आणि एक संच ऑर्किड नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या जागेत. शेवटचा संच सोडला तर चाचणी अपुरी राहते. एका जागी कमीत कमी पाच चौकटी, म्हणजे काही काढून पाहता येतात, काही तशाच ठेवता येतात.

३, ६ आणि १२ महिन्यांनी काढा. ओल्या कागदात गुंडाळून ४ अंशाला ठेवा आणि आठवड्याच्या आत उघडा. १० ते ४० पट मोठं करून बघायचं: गर्भ फुगला, आवरण फाटलं, केसाळ मुळं आली, की पांढरा गोळा झाला. प्रत्येक टप्प्याची संख्या वेगळी लिहा. "रुजलं" एवढंच लिहिलं तर पुढच्याला काहीच कळत नाही.

---

शेवरी

यात काय बिघडतं तेही लिहाल का? मी वाचलेल्या बहुतेक अहवालांत "शून्य उगवण" एवढंच असतं.

---

माळरान

शून्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती वेगळी काढता येतात.

चौकटीभोवती हवेची पोकळी राहिली तर तंतू पोचतच नाहीत. खड्डा खणून चौकट टाकण्याऐवजी पातळ पात्याने फट पाडा, चौकट सरकवा, दोन्ही बाजूंनी माती दाबा.

वाळवी आणि गोगलगायी जाळी कुरतडतात. जाळी फाटलेली चौकट गणतीत धरायची नाही, तिला "शून्य" म्हणायचं नाही.

चिकण माती आणि साचलेलं पाणी. जाळीची भोकं बुजतात, आतला भाग काळा पडून वास येतो. असं दिसलं तर जागाच बदला.

आणि सगळ्यात शिकण्यासारखं: बी फुगतं, आवरण फाटतं, आणि तिथेच थांबतं. याचा अर्थ उगवण घडवणारी बुरशी आहे, वाढ पेलणारी नाही. काही ऑर्किडांना दोन टप्प्यांत दोन वेगळ्या बुरशी लागतात. गॅस्ट्रोडिया इलाटा हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, त्यावर सागरगोटा यांनी लिहावं.

---

सागरगोटा

लिहितो. गॅस्ट्रोडिया इलाटा, चीनमध्ये तिआनमा. पानं नसलेल्या ऑर्किडांत मोठ्या प्रमाणावर शेती होते ती याची. कंद औषधासाठी वापरतात, आणि त्यासाठी जंगलातून इतका उकरला गेला की आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत ही जात असुरक्षित म्हणून नोंदली आहे. आज बाजारातला बहुतेक माल लागवडीचा असतो. ही शेती म्हणजे मुळात बुरशीची शेती आहे.

बी रुजायला मायसीना (पाचोळा कुजवणारी, अगदी लहान भूछत्रं) आणि कंद वाढायला आर्मिलारिया (लाकूड कुजवणारी). दोन्ही आधी तयार लागतात.

लाकूड: ओक सगळ्यात चांगलं, चेस्टनट, बर्च, चेरीही चालतात. चीड-देवदारासारखं राळेचं लाकूड नको. ओली, निरोगी फांदी, ५ ते १० सेंमी जाड, अर्ध्या मीटरचे तुकडे. सालीवर दर ३ ते ५ सेंमीवर माशाच्या खवल्यासारख्या तिरप्या खाचा, लाकडापर्यंत पोचणाऱ्या. आर्मिलारिया या खाचांतून शिरते आणि पुढे याच खाचांतून बाहेर पडून कंदाला भिडते. खाचा नसल्या तर ती सालीखालीच फिरत राहते.

हे तुकडे आर्मिलारिया लागलेल्या काटक्यांबरोबर ओल्या वाळूत दोन-तीन महिने पुरायचे. तयार झाल्याची खूण म्हणजे लाकडावरचे बुटाच्या नाडीसारखे दोर: लालसर-तपकिरी, लवचीक, टोक पांढरं. दोर काळे, ठिसूळ, आतून पोकळ झालेले असतील तर ते लाकूड म्हातारं झालंय, वापरू नका.

बी: लागवडीत फुलांचं परागण हाताने करतात. स्तंभाच्या टोकावरची टोपी सुईने उचलायची, परागपुंज काढायचा आणि दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर दाबायचा. तीनेक आठवड्यांत बोंड तयार होतं. शिवणी फुगून दिसू लागल्या की फुटायच्या आधी काढायचं. एका बोंडात हजारो बिया, पण त्यांचं आयुष्य थोडं, म्हणून लगेच पेरायचं.

खड्डा २० ते २५ सेंमी, तळाला निचऱ्याची वाळूमिश्रित माती. त्यावर भिजवलेल्या पानांचा दाबलेला थर. मायसीना वाढवलेली पानं कुस्करून त्यांत बी हलक्या हाताने मिसळायचं (वाऱ्यात नाही, बी उडून जातं) आणि थरावर पसरायचं. वर तयार ओंडके, दोघांत ३ ते ५ सेंमी अंतर, मध्ये बोटाएवढ्या काटक्या. फटी वाळूने भरायच्या. पुन्हा हाच क्रम, आणि वर ८ ते १० सेंमी माती व पाचोळा.

ओल: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, सोडला तर फुटावा. तापमान २० ते २५ अंश उत्तम, ३० च्या वर आर्मिलारिया थांबते. हिवाळ्यात कंदाला साधारण दोन महिने २ ते ५ अंशांची थंडी लागते, नाहीतर पुढच्या हंगामात तो जागाच होत नाही. उन्हाळ्यात पेरलं तर पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात काढणी.

बिघाड:

पाणी साचलं की आर्मिलारिया गुदमरते, कंद मऊ पडतो. बहुतेक नुकसान यानेच होतं. उताराची जागा निवडा.

ओंडक्यावर पांढरी, चादरीसारखी पसरणारी बुरशी दिसली तर ती परकी. तो ओंडका लगेच बाहेर काढा. आर्मिलारिया सालीच्या बाहेर चादरीसारखी नाही, दोरांनी पसरते.

कंद वर्षागणिक लहान होत चालला तर त्याला बुरशीचा संपर्क तुटलाय. तो साठ्यावर तग धरून आहे. ताजे ओंडके द्या.

उलटही होतं. कंद दुबळा, जखमी किंवा म्हातारा असला की आर्मिलारियाच त्याला खाते. काढणीत सापडणारी पोकळ सालपटं ही त्याचीच. म्हणून डाग पडलेला कंद पुन्हा लावायचा नाही.

कंदापासून कंद असं अनेक पिढ्या केलं तर उत्पादन उतरतं, मधून मधून बियांवर परत यावं लागतं. एकच खड्डा लागोपाठ वापरत नाहीत.

मोठा इशारा: आर्मिलारियाच्या अनेक जाती उभ्या झाडांची मुळं कुजवून त्यांना मारतात. फळबागेजवळ किंवा जंगलात हौसेने ती नेऊन पुरू नका. एकदा रुजली की काढता येत नाही.

---

रानपाचोळा

एवढं वाचल्यावर साधा प्रश्न. कुंडीत, काचेच्या बरणीत, एखादी तरी पर्णहीन जात बियांपासून फुलापर्यंत आणता आली आहे का?

---

कवकजाल

हो. एपिपोजियम रोझियम. जपानमध्ये २००७ मध्ये कोप्रिनस गटातल्या बुरशीबरोबर बियांपासून फुलापर्यंतचा प्रवास प्रयोगशाळेत पूर्ण झाला. एरिथ्रॉर्किस ही झाडांवर चढणारी मोठी पर्णहीन वेल तर शिताके भूछत्राच्या बुरशीबरोबरही रुजवली आहे.

जमलं कारण दोन्हीकडे बुरशी कुजवणारी आहे. तिला लाकडाचा भुसा दिला की तिचं पोट भरतं. पेट्री डिशमधल्या ओटच्या आगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) बी रुजतं, पण कंद धरायला लागणारा कार्बन त्या चमचाभर आगारात नसतो. म्हणून रुजलेले गोळे भुसा आणि माती भरलेल्या मोठ्या भांड्यात हलवावे लागतात, तेही तीच बुरशी आधी पूर्ण पसरल्यावर.

आणि नुसतं पालाखत का चालत नाही, तेही इथेच कळतं. तयार खतातलं सोपं अन्न आधीच संपलेलं असतं, आणि त्यावर हजार इतर सूक्ष्मजीव बसलेले असतात. या बुरशीला न कुजलेलं किंवा अर्धवट कुजलेलं लाकूड-पान हवं.

झाडाशी जोडलेल्या गटात गोष्ट फार अवघड. बुरशी, ऑर्किड आणि जिवंत झाड तिघांना एकत्र वाढवावं लागतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं रायझॅन्थेला गार्डनेरी, जे जमिनीखालीच फुलतं आणि १९२८ मध्ये कॉरिजिन इथे सापडलं, ते मेलालुका अनसिनाटाच्या रोपांबरोबर कुंडीत वाढवलं गेलं आहे. मेलालुकाला दिलेला खुणेचा कार्बन नंतर ऑर्किडमध्ये सापडला.

---

शेवरी

ही ऑर्किडं इतकी बदलली, तर त्यांच्या हरितलवकाचं काय झालं? पूर्ण नाहीसं?

---

माळरान

नाहीसं नाही, पण आकसलंय. सर्वसाधारण हिरव्या झाडाच्या हरितलवकाचा जनुकसंच दीड लाख बेस-जोड्यांच्या (डीएनएची लांबी मोजायचं एकक) आसपास. रायझॅन्थेला गार्डनेरीचा सुमारे ५९ हजार, गॅस्ट्रोडिया इलाटाचा सुमारे ३५ हजार, एपिपोजियम अफायलमचा ३१ हजार, एपिपोजियम रोझियमचा जेमतेम १९ हजार. प्रकाशसंश्लेषणाची जनुकं गेली, प्रथिनं बांधण्यासारख्या इतर कामांची थोडी उरली. त्या कामांसाठी लवक अजून लागतं.

मधल्या पायऱ्याही जिवंत आहेत. कोरलोरायझा ट्रायफिडा पिवळट हिरवं आहे आणि थोडं प्रकाशसंश्लेषण करतं. भूमध्य भागातलं लिमोडोरम अबॉर्टिव्हम हरितद्रव्य बाळगूनही त्यावर भागवू शकत नाही. सेफॅलँथेराच्या हिरव्या जातींत अधूनमधून पूर्ण पांढरी झाडं जन्मतात आणि मरत नाहीत, कारण त्यांचा बराच कार्बन आधीच बुरशीकडून येत असतो. बहुतेक हिरव्या झाडांत असं पांढरं रोप बियांतला साठा संपताच मरतं.

---

तांबट

परागण आणि बी पसरण्याबद्दल थोडं.

दाट सावलीत कीटक कमी, त्यामुळे स्वपरागण या गटात खूप. एपिपोजियम रोझियममध्ये परागपुंज स्वतःच्याच कुक्षीवर येतो आणि बोंडं झपाट्याने पिकतात. जपानमधल्या गॅस्ट्रोडिया कुरोशिमेन्सिसची फुलं उमलतच नाहीत, बंद कळीतच फळ धरतं. याउलट एपिपोजियम अफायलमवर भुंगे येतात, पण बी क्वचित धरतं.

गॅस्ट्रोडिया आणि डिडिमोप्लेक्सिसमध्ये फूल गेल्यावर फळाचा देठ भराभर लांबतो. फुलताना जमिनीलगत असलेलं बोंड काही दिवसांत बरंच वर जातं. जंगलाच्या तळाशी वारा नसतो, तेवढ्या उंचीनेही धुळीएवढ्या बियांना फरक पडतो. यामुळे फुलाच्या आणि फळाच्या वेळी काढलेले फोटो दोन वेगळ्या जातींचे वाटतात.

जपानच्या सर्टोसिया सेप्टेन्ट्रिओनॅलिसने वेगळाच मार्ग धरला. लाल, रसाळ फळं, आणि बी पक्षी पसरवतात. ऑर्किडांत हे फार दुर्मीळ.

---

रानपाचोळा

नोंद कशी करावी यावर शेवटी थोडं, म्हणजे धागा वाचून जंगलात जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

पाय ठेवण्याआधी भोवतालचा तीन-चार मीटरचा घेर बघा. एक दांडा दिसला तर पाचोळ्याखाली आणखी कोंब असतातच, आणि तेच पायाखाली जातात. पाचोळा बाजूला सारून "पूर्ण झाड" दाखवायचा फोटो काढू नका. पाचोळा हटला की खालचा थर काही तासांत सुकतो आणि बुरशीचे वरचे तंतू मरतात.

फोटो: पूर्ण दांडा, फूल समोरून, बाजूने, आणि खोडावरचे खवले. शेजारी मिमीची पट्टी. पांढरी फुलं अंधाऱ्या पार्श्वभूमीवर हमखास जळतात, प्रकाश दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा. गॅस्ट्रोडियाचं नाव नळीच्या आतला ओठ आणि स्तंभ पाहिल्याशिवाय ठरत नाही. परवानगी असेल तर एकच फूल उभं चिरून आतला फोटो घ्या, आणि ते फूल ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. दाबून वाळवलेले नमुने काळे पडतात, आतले अवयव चिकटून जातात, त्यावरून नंतर कुणालाच काही सांगता येत नाही. डीएनएसाठी वेगळा तुकडा सिलिका जेलमध्ये.

सोबत लिहायचं: एक मीटरच्या आत कोणती झाडं, पडलेला ओंडका आहे का आणि तो किती कुजलाय, पाचोळ्याची जाडी, उतार, भोवती दिसलेली भूछत्रं. भूछत्रांचा फोटो खालच्या पात्यांसह.

नेमकी जागा उघड लिहू नका. संपूर्ण ऑर्किड कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या परिशिष्टांत आहे (बहुतेक जाती दुसऱ्या, मोजक्या पहिल्या), म्हणजे देशाबाहेरच्या व्यापारावर निर्बंध आहेत, पण हौशी उकरणाऱ्याला त्याने अडवलं जात नाही.

आणि एका वर्षी दिसलं नाही म्हणून "नष्ट" लिहू नका. ब्रिटनमध्ये एपिपोजियम अफायलमची पहिली नोंद १८५४ ची. १९८६ नंतर ते दिसेनासं झालं, गेलं असंच मानलं गेलं, आणि २००९ मध्ये पुन्हा एक दांडा वर आला.

---

शेवरी

आमच्या गटाच्या देखरेखीतल्या एका जागी रस्ता रुंद होणार आहे. ओंडक्यासकट ऑर्किड हलवलं तर?

---

कवकजाल

आधी बुरशी ओळखा. झाडाशी जोडलेली असेल तर हलवण्यात अर्थ नाही, ते झाड वाचवणं हाच उपाय. रस्त्याची आखणी काही मीटर सरकवता येते का, ते आत्ताच विचारा.

कुजवणारी निघाली तर आशा आहे, पण फुलताना हलवायचं नाही. दांडा सुकल्यावर, कंद विश्रांतीत असताना, ओंडका आणि त्याखालची माती एकसंध, कमीत कमी अर्धा मीटर रुंद आणि ३० सेंमी खोल अशी उचला. ओंडक्याची जमिनीला टेकलेली बाजू तशीच खाली राहिली पाहिजे. नवी जागा तेवढ्याच सावलीची आणि निचऱ्याची, आणि शेजारी त्याच जातीच्या झाडाचे ताजे ओंडके, म्हणजे जुना संपल्यावर बुरशीला पुढे सरकता येईल. त्याआधीच्या हंगामात नव्या जागी माळरान यांनी सांगितलेल्या चौकटी पुरून ठेवा. बी तिथे रुजलं नाही तर दुसरी जागा शोधायला हातात वेळ राहील.